तीस तोंडांचं मशीन

तलवाड्याच्या स्टँडला लागून विजयसिंह दादांचे गाळे आहेत. त्यातला सगळ्यात अरुंद गाळा सोमनाथकडं आहे. अरुंद म्हणजे किती, तर गिऱ्हाईक आत शिरलं की सोमनाथला खुर्ची सोडून उभं राहावं लागतं. बाहेर पाटी लावलीय, बॅनर आणि लग्नपत्रिका बनवून मिळतील. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या गाळ्यात बसून या माणसानं अख्ख्या गावाची तोंडं कापलीत. फोटोतली हो! फोटोतलं तोंड मागच्या भिंतीपासून आणि शेजारी उभ्या असलेल्या मेहुण्यापासून सोडवायचं आणि बॅनरवर नेऊन बसवायचं, हाच त्याचा धंदा.

तलवाड्यात बॅनरशिवाय काही होत नाही. वाढदिवस आला, लावा बॅनर. सोसायटीवर निवड झाली, लावा बॅनर. एकानं नवी मोटारसायकल घेतली तर मित्रमंडळानं तिचाही बॅनर लावला, हार घातलेल्या मोटारसायकलीसकट. आणि बॅनरवर ज्याचा वाढदिवस तो एकटा कधी नसतो. मधे तो, गॉगल घालून. वर थोर मंडळी. आणि खाली ओळीनं शुभेच्छुक, एकेका गोलात एकेक तोंड. खरी गंमत या खालच्या तोंडांत असते. वाढदिवसवाल्याकडं कोण बघतंय? जो तो आधी आपलं तोंड शोधतो, मग आपल्या शेजारी कोण बसवलाय ते बघतो, आणि मग भांडायला सोमनाथकडं येतो.

सोमनाथचा बाप सटवा मेंढरंवाला. त्याचं बिऱ्हाड वर्षातले बरेच महिने लोकांच्या रानात. सुगी निघाली की शेतकरी त्याला बोलावून कळप रानात बसवून घेतात; जमिनीला खत मिळतं, मेंढरांना चारा मिळतो. आता गावात तट दोन, एक विजयसिंह दादांचा आणि एक राधाकिशन नानांचा. एका तटाचा माणूस दुसऱ्या तटाच्या हॉटेलात चहा पीत नाही, इतकं ते पेटलेलं. निम्मी रानं या तटाची, निम्मी त्या तटाची. म्हणून सटवानं जन्मभर एक पथ्य पाळलं. कुणाच्या मिरवणुकीत गेला नाही, कुणाचा गमजा गळ्यात घातला नाही, मत कुणाला टाकलं ते बायकोला, भामाबाईलाही, सांगितलं नाही. "आपल्याला समद्यांच्या रानात बसायचं हाय," एवढंच म्हणायचा. गाव त्याला भित्रा म्हणायचं. म्हणो बापडं. त्याचा कळप आजवर कुणी रानातून उठवला नव्हता.

सोमनाथ आधी गेवराईत दुसऱ्याच्या दुकानात डिझाइनचं काम करायचा. हात बसला तेव्हा बापाला म्हणाला, मला माझं दुकान टाकायचंय. सटवानं उलट एक शब्द विचारला नाही. अर्धा कळप विकला आणि पोराबरोबर गेवराईला कॉम्प्युटर घ्यायला निघाला.

दुकानदारानं दोन मशिनी पुढं ठेवल्या. एक जुनी, मोठी, उभ्या पेटीची, कुठल्या तरी ऑफिसातून उतरलेली. दुसरी नवीकोरी, जेवणाच्या डब्याएवढी. शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला तर तांब्याच मोठा दिसेल. भाव दोन्हींचा जवळपास सारखाच. सोमनाथचं मन जुनीकडं ओढत होतं. तिच्या पोटात मोकळी जागा असते, उद्या मेमरी वाढवा, परवा कार्ड बसवा, हे त्याला ठाऊक होतं. पण आधी हात लावला सटवानं. जुन्या पेटीचं झाकण काढायला लावलं, आत वाकून पाहिलं, आणि बोटाला लागलेली धूळ धोतराला पुसली.

"म्हातारं हाय हे," तो म्हणाला. "म्हाताऱ्यात पैसा कावून घालायचा? जनावर ल्हान घ्यावं, नवं घ्यावं, आन खाऊ घालून वाढवावं."

मग त्यानं ते चिमुकलं उचललं, उलटंपालटं केलं, आणि कोकरू तोलावं तसं तळहातावर तोलून पाहिलं. "शेठ, वाढंल का हे?"

"वाढंल की मामा!" दुकानदार म्हणाला. "नंतर वाढवता येतं."

सोमनाथनं तोंड उघडलं होतं. काय वाढतं, कुठं वाढतं, किती वाढतं, हे त्याला विचारायचं होतं. पण समोर बाप उभा. सकाळीच निम्मी मेंढरं टेम्पोत चढवून आलेला, आणि जन्मात पहिल्यांदा पोराच्या धंद्यातलं काहीतरी आपल्याला कळतंय म्हणून खुललेला. त्या आनंदावर पाणी कोण ओतणार? सोमनाथ गप्प बसला. आणि तिथंच फसला, स्पष्ट सांगतो.

सुरुवातीचे महिने ते पिल्लू भिंगरीसारखं पळालं. लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या, दहाव्याचे बॅनर, काही द्या, चट् करून टाकायचं. वीज गेली तर छोट्याशा इन्व्हर्टरवर चालायचं. सटवा बाजाराच्या दिवशी यायचा, आत जागा नाही म्हणून दारातूनच मान लांब करून बघायचा आणि विचारायचा, "वाढलं का रं?"

"वाढंल आबा," सोमनाथ म्हणायचा.

मग आला विजयसिंह दादांचा वाढदिवस. दादांचा उजवा हात बिभीषण मोबाइल नाचवत गाळ्यात शिरला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो सोडायला लागला. सोडतोय, सोडतोय, थांबायचं नाव नाही. कुणी लग्नातला फेटा घातलेला, कुणी धबधब्याखाली भिजलेला, एकानं तर तरुणपणातला फोटो धाडला, आता त्याला नातवंडं आहेत. सोमनाथ एकेक तोंड कापून बसवत गेला. वीस तोंडांपर्यंत मशीन मजेत होतं. मग जड झालं. माउस हलवला तरी पडद्यावरचा बाण जागचा हलेना, हलला तर वेळानं हलायचा. तिसाच्या पुढं एक तोंड टाकलं आणि बाणाच्या जागी गोल चक्री फिरायला लागली ती फिरतच राहिली. पडदा पांढराफटक. केलेलं सगळं पाण्यात. पुन्हा पहिल्यापासून केलं, पुन्हा तिथंच येऊन अडकलं.

"काय बे," बिभीषण मागून म्हणाला, "दादाच्या टायमालाच बरं अडकतं तुझं!"

बोलणं साधं होतं, पण सोमनाथला ते हसण्यावारी नेता आलं नाही. गाळा दादांचा होता. दुसऱ्या तटाचं काम करताना मशीन अडकत नाही आणि दादांचंच अडकतं, असं गावात एकदा पसरलं की पुसायचं कसं?

त्यानं सगळे उपाय करून पाहिले. फोटो हलके करून बसवले, तर फ्लेक्सवर तोंडं पुसट आली, जणू सगळ्यांना धुक्यात उभं केलंय. बॅनरचे दोन तुकडे वेगवेगळे करून जोडले, तर जोड नेमका सोसायटीच्या एका संचालकाच्या नाकावरून गेला. तो संचालक दुसऱ्या दिवशी नाक धरूनच गाळ्यात आला होता. शेवटी सोमनाथनं मशीन पिशवीत घातलं आणि गेवराई गाठली.

दुकानदारानं खालचे स्क्रू काढून झाकण उघडलं.

"मेमरी वाढवून द्या," सोमनाथ म्हणाला.

"ह्यात न्हाई वाढत. हे बघ, चिप बोर्डालाच पक्क्या डकवल्यात. दुसरी घालायला खाचच न्हाई."

"मग ग्राफिक्सचं कार्ड टाका."

"कुठं टाकू? जागा तूच दाव. आन त्याला वीज कुठून आनू? ह्याला चार्जर हाय लॅपटॉपवानी."

"तुमी तर म्हनला होता, वाढतं!"

"वाढतं की. डिस्क मोठी बसते. लागंल तेवढं भरून ठेव."

"मला ठेवायला नको हो जागा! काम करायला पायजे!"

दुकानदार हसला. तो तरी काय करणार, खोटं तर बोलला नव्हता. कणगी मोठी करून मिळणार होती, चूल मात्र तेवढीच राहणार होती. परत घेता का विचारलं, तर वापरलेलं परत घेत नाहीत म्हणाला, आणि बोलता बोलता स्क्रू आवळून मोकळा झाला.

येताना जीपमध्ये ती पिशवी सोमनाथच्या मांडीवर होती. त्याला मशीनचा राग येत नव्हता. ते बिचारं जन्मालाच तेवढं आलेलं. राग येत होता स्वतःचा. एवढं शिकून, चार वर्षं त्याच धंद्यात काढून, आत काय आहे ते न बघता घेतलंच कसं? दुसरं मशीन घ्यायचं तर उरलेली मेंढरं विकावी लागणार, आणि ती गेली तर आईबापानं करायचं काय? बाजाराच्या दिवशी सटवानं दारातून विचारलं, वाढलं का. सोमनाथ म्हणाला, वाढंल आबा. त्याच्यानं दुसरं काही बोलवलंच नाही.

मग त्यानं नियमच करून टाकला. बॅनरवर तोंडं तीस. मधला मोठा फोटो आणि वरचे थोर सोडून, खाली शुभेच्छुक तीस, एकतिसावा नाही. दादांचा बॅनर असो की नानांचा, तीस म्हणजे तीस. कुणी गुरगुरला की म्हणायचा, "मी काय करू भाऊ, मशीन घेत न्हाई."

आणि गंमत बघा, गावानं हे मान्य करून टाकलं! नुसतं मान्य नाही, त्याचा मान झाला. पूर्वी फोटो दिला की तोंड लागायचं, त्यात कसली आली प्रतिष्ठा? आता तिसात बसावं लागायचं. पारावर विचारायला लागले, "तू हायस का बे तिसात?" तिसातला माणूस लग्नात पुढच्या रांगेत बसायला लागला. एका सोयरिकीत म्हणे मुलाकडच्यांनी सांगितलं, मुलगा शेती बघतो आणि दादांच्या तिसात आहे. तोंडं ठरवायची डोकेदुखी बिभीषणच्या आणि तिकडं नानांच्या माणसांच्या गळ्यात पडली, सोमनाथ सुटला. दोन्ही तटांना सारखीच तीस तोंडं मिळत होती, त्यामुळं त्याच्यावर बोट ठेवायला कुणाला जागा राहिली नाही.

त्याहून मोठी गोष्ट सांगायची राहिली. दोन्हीकडचे लोक त्याला अधूनमधून म्हणायचे, "सोमनाथ, तुझं बी तोंड टाक की एखादं कोपऱ्यात." वरवर लाडाचं बोलणं, पण त्याचा अर्थ गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतो. ज्याच्या बॅनरवर तोंड, त्याच्या तटाचा माणूस. एकदा का चौकात लटकलं की दुसऱ्या तटाची पत्रिका, पाटी, बॅनर, सगळं बंद. आणि बापाच्या मेंढरांना त्या तटाची रानं बंद. सोमनाथ हात जोडून म्हणायचा, "टाकलं असतं हो, पण मशीन घेत न्हाई." समोरचा हसायचा आणि सोडून द्यायचा. बापाला जे जन्मभर मान खाली घालून सांभाळावं लागलं, ते पोराला एका अपुऱ्या डब्यानं सांभाळून दिलं. ज्या मशीनला त्यानं इतक्या शिव्या घातल्या, त्याच्याच आडोशाला तो उभा होता. हे त्याला समजत होतं, आणि समजलं तरी त्यात आनंद मानण्यासारखं काही नव्हतं. आडोशाला उभं राहून किती दिवस काढायचे माणसानं?

भर उन्हाळ्यात दादांचा वाढदिवस पुन्हा आला. सटवाचा कळप तेव्हा राधाकिशन नानांच्या रानात बसलेला. दुपारी बिभीषण गाळ्यात आला तो लालबुंद होऊन.

"बद्रीनाथला काढ," म्हणाला. "आत्ताच्या आत्ता काढ. नानाकडं गेला तो, काल रात्री पेढे खाऊन आला."

सोमनाथनं बद्रीनाथचं तोंड काढलं. खालच्या ओळीतला एक गोल रिकामा झाला. पांढरा, स्वच्छ गोल. तिथं आता कुणाला बसवायचं? बिभीषणनं एकाला फोन लावायला काढला आणि थांबला, त्याला घेतलं तर त्याचा चुलतभाऊ रुसणार. चुलतभावाला घ्यावं तर मागच्या गल्लीचे म्हणणार, आमच्यातला कावून न्हाई? बिभीषणचं डोकं तापलं. तेवढ्यात दारात सावली पडली आणि खुद्द विजयसिंह दादा आत आले. सोमनाथ खुर्ची सोडून भिंतीला चिकटला, बिभीषण दारात सरकला, आणि दादा खुर्चीत बसले.

दादा वाईट माणूस नाही हो. तेच तर खरं अवघड आहे. गाळा देताना त्यांनी सोमनाथला अडवलं नव्हतं, भामाबाईच्या ऑपरेशनच्या वेळी आपली गाडी दिली होती. त्यांनी पडदा नीट पाहिला, रिकाम्या गोलावर बोट ठेवलं, बिभीषणचं सगळं रडगाणं ऐकून घेतलं, आणि हसले.

"येवढं काय त्यात? ज्याच्यावर कुनी रुसनार न्हाई असा मानूस पायजे ना? मंग आपला सोमनाथ हाय की!"

सोमनाथनं घाईनं हात जोडले. "दादा, माझं कशाला? मी कुठला कार्यकर्ता... आन मशीन घेत न्हाई, तुमाला ठावं हाय."

"तीस घेतं ना? मग मोज बरं. तू तिसावाच बसतोस."

बिभीषण टाळी वाजवून हसला. "आता काय करतो बे? जागा हाय, मशीन हाय!"

सोमनाथला म्हणायचं होतं, आबाची मेंढरं नानांच्या रानात बसलीत. ओठांशी आलेलं त्यानं गिळलं. ते सांगणं म्हणजे दादांच्या तोंडावर म्हणणं, की मला तुमच्यापेक्षा नाना जड आहेत. नको म्हणावं तर का नको, याला उत्तर हवं. आजवर उत्तर मशीन देत आलं होतं. त्यानं इकडं तिकडं पाहिलं, तर त्या गाळ्यात हलायलाही जागा नव्हती. बिभीषणनं तोवर मोबाइल काढून त्याचा फोटो मारलासुद्धा. "हस की जरा, मयतीला आलास का?"

दादा खुर्चीतून उठले आणि त्याला बसवलं. खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. तो हात मायेचा होता, आणि सोमनाथला तो उचलून टाकावासा वाटत होता. त्यानं आपला फोटो उघडला. स्वतःचं तोंड मागच्या भिंतीपासून कापायला घेतलं, कानाच्या कडेनं, केसांच्या कडेनं. इतकी तोंडं कापली, पण एवढ्या सावकाश कुठलंच कापलं नव्हतं. मनात एकच धावा चालला होता. आता अडक. देवा, आता चक्री फिरू दे. एरवी नको तेव्हा अडकतंस, आज एकदा अडक, पडदा पांढरा होऊ दे, सगळं जाऊ दे. मी दादांच्या पाया पडून सांगीन की आज होत नाही. त्यानं तोंड उचललं आणि रिकाम्या गोलात सोडलं.

बसलं. चट् करून बसलं. बाण जरासुद्धा अडखळला नाही.

"वा!" दादा म्हणाले. "शोभतोस की रं. आपल्याच घरातला वाटतोस."

बिभीषणनं फाइल तिथूनच गेवराईला छपाईला धाडायला लावली. संध्याकाळी बॅनर चौकात चढला, भल्यामोठ्या बांबूंवर. सोमनाथ तो बघायला गेला नाही. कुलूप लावून मोटारसायकल काढली ती थेट नानांच्या रानाकडं. बापाला आपण आधी सांगावं, दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, एवढंच डोक्यात होतं.

त्याला उशीर झाला होता. सटवा मीठ आणायला गावात आला होता आणि चौकातला बॅनर बघून गेला होता. सोमनाथ पोचला तेव्हा भामाबाई पेटत्या चुलीवर पाणी ओतत होती, तव्यावरची भाकरी अर्धी कच्ची. सटवा कळपाभोवतीच्या जाळीच्या मेखा उपटत होता. मेंढरं उठून उभी राहिलेली, कावरीबावरी झालेली.

"आबा, नानांचा मानूस आलता का?"

"न्हाई." सटवानं मेख हलवली, उपटली, बाजूला टाकली. "यायची वाट कावून बघायची? कुनी उठ म्हनायच्या आत उठावं."

"माझं ऐका तरी. दादा स्वता येऊन बसले, मला काय..."

"तू न्हाई म्हनलास का त्येला?"

नाही हा शब्द सोमनाथनं उच्चारलाच नव्हता. दुपारभर तो मशीननं म्हणायची वाट बघत बसला होता. त्याला लाज वाटली, इतकी, की बापाकडं बघवेना. भामाबाईनं तवा रिकामा केला आणि गाठोडं बांधायला घेतलं.

"कुठं जायचं आता?" त्यानं विचारलं.

"दादाच्या रानात." सटवानं जाळीचं एक टोक त्याच्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः गुंडाळायला लागला. "आता दुसरं कोन बसू देनार हाय?"